शेवटच्या तुकड्यासाठी बोट नको

असरची नमाज आटोपली की यवतमाळच्या कळंब चौकाच्या आसपास रमजानची संध्याकाळ सुरू होते. खजूर, टरबूज, पपईच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. भज्यांच्या कढया तापू लागतात. दारव्हा, पुसद, उमरखेड, घाटंजी, वणी, कुठेही गेले तरी चित्र थोड्याफार फरकाने हेच. रस्त्यावरची ही लगबग सगळ्यांना दिसते. त्याच वेळी घराघरांतल्या स्वयंपाकघरात जी लगबग चाललेली असते, ती मात्र बाहेरच्याला दिसत नाही.

तिथे मग्रिबच्या अजानला तास-दीड तास उरलेला असतो. रोजा सोडण्याची वेळ ठरलेली, ती एक मिनिटही पुढे सरकत नाही. कांदाभजे करायचे आहेत, आलूभजे करायचे आहेत, काकडीचे रायते, कोबी-गाजराची कोशिंबीर, आणि घरी पाहुणे असतील तर बिर्याणीसाठी किलोभर कांद्याचा बिरिस्ता, म्हणजे तळून कुरकुरीत केलेला कांदा. एवढे सगळे विळीवर किंवा चाकूने चिरायचे म्हटले तर वेळ पुरत नाही. मग कपाटातून निघते ती चिप्सची किसणी.

बाजारात तिला स्लायसर म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तिचे नाव मँडोलिन, तंतुवाद्याचे आहे तेच. आपल्याकडे मराठी घरात ती चिप्सची किसणी, उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरात चिप्स-कटर. नाव काहीही असले तरी वस्तू एकच : एक सपाट फळी, मधोमध आडवे किंवा तिरके धारदार पाते, आणि पात्याखाली फट. भाजी फळीवरून घासत नेली की खाली सारख्या जाडीचे काप पडतात. दहा मिनिटांचे काम तीन मिनिटांत होते. आणि याच किसणीवर, याच घाईच्या वेळी, बोटाचे टोक भाजीबरोबर कापले जाण्याचे प्रसंगही घडतात. पदराचे टोक बोटाला गुंडाळून भजे तळणारी गृहिणी पाहिली नाही, असे घर सापडणे कठीण.

खरे तर ही किसणी वाईट नाही. तिची रीत कुणी शिकवत नाही, एवढेच. चाकू धरायला आई शिकवते, विळीवर बसायला आजी शिकवते. किसणी मात्र दुकानातून येते आणि थेट हातात पडते.

दोन घरे, एकच किसणी

हा विषय फक्त रमजानचा नाही. इस्लामी वर्ष चंद्रावर चालते आणि ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. 2024 साली भारतात पहिला रोजा 12 मार्चला होता, 2025 साली 2 मार्चला. म्हणजे सध्या रमजान नेमका अशा दिवसांत येतो आहे, जेव्हा शेजारच्या घरात उन्हाळी वाळवणाची तयारी चालू असते. नवा आलू बाजारात आलेला असतो, ऊन तापू लागलेले असते, गच्चीवर साड्या-चादरी अंथरलेल्या असतात आणि उपवासासाठी वर्षभर पुरतील एवढे आलूचे चिप्स पाडले जात असतात.

दहा-पंधरा किलो आलू एका बैठकीत किसणीवर उतरवणे ही साधी गोष्ट नव्हे. एकीकडे रोजा असलेली भाभी इफ्तारसाठी कांदे कापते आहे, दुसरीकडे वहिनी एकादशीच्या उपवासाचे चिप्स पाडते आहे. किसणी अनेकदा एकाच घरातली, भिंतीवरून इकडून तिकडे जाणारी. इफ्तारची प्लेट तिकडे जाते, वाळलेले चिप्स इकडे येतात. हात मात्र दोन्हीकडे सारखेच उघडे असतात.

आणि हे हात साधे नाहीत. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात घरी शिवणकाम करणाऱ्या बाईकडे ईदच्या कपड्यांचा ढीग पडलेला असतो. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा; फरतडीचा कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बाईला बोटांच्या टोकांवरच रोजी मिळते. उजव्या हाताच्या अंगठ्याचे टोक गेले तर सुई धरता येत नाही, बोंडातून कापूस ओढता येत नाही, पीठ मळता येत नाही. आठ-पंधरा दिवस घर अडते. मग दोन मिनिटांची घाई महाग पडते.

चाकूपेक्षा किसणी फसवी का?

चाकूने चिरताना भाजी धरणारा हात स्थिर असतो आणि हलणारे पाते डोळ्यांना दिसत असते. विळीवर पाते स्थिर आणि हात हलतात, पण ते पाते समोर उभे असते. नजर त्यावरून हटत नाही. पाटावर पाय रोवलेला असतो, त्यामुळे विळी सरकत नाही.

किसणीवर दोन्ही उलटे होते. पाते भाजीच्या खाली झाकलेले असते, दिसत नाही. आणि हात वेगाने त्याच्याच दिशेने जात असतो. शिवाय प्रत्येक घासणीबरोबर हात आणि पाते यांतले अंतर कमी होत जाते. अर्धा केलेला आलू साधारण तीन सेंटिमीटर उंचीचा असतो. दोन मिलिमीटर जाडीचे काप काढले, तर पंधरा घासण्यांत तो संपतो. सवयीच्या हाताला पंधरा घासण्या म्हणजे अर्धे मिनिट. हात एका लयीत चालतो, डोळे कढईकडे वळतात, कान अजानकडे लागलेले असतात आणि सोळावी घासणी बोटावर पडते.

किसणीची जखम चाकूच्या जखमेसारखी चीर पडून होत नाही. पाते बोटाच्या टोकाचा पातळ काप काढते. त्यामुळे टाके घालायला दोन कडाच राहत नाहीत. बोटांच्या टोकांना रक्तपुरवठा भरपूर असल्याने रक्त बराच वेळ वाहते आणि तिथेच स्पर्शाच्या नसांची दाटी असल्याने दुखतेही फार.

मोह शेवटच्या तुकड्याचा

पहिल्या दहा घासण्यांत बोट कापले, असे सहसा होत नाही. बोट कापते ते शेवटच्या दोन-तीन घासण्यांत, जेव्हा हातात आलूची एक चकतीच उरलेली असते. तरीही हात थांबत नाही, कारण आपल्याला अन्न वाया घालवायचे नसते.

ही शिकवण चांगलीच आहे. इस्लाममध्ये उधळपट्टीला, इस्राफला, मनाई आहे. ताटातला शेवटचा घासही सोडू नये, कारण बरकत जेवणाच्या कोणत्या भागात आहे हे माणसाला ठाऊक नसते, असा अर्थ सांगणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मराठी घरातही अन्न हे पूर्णब्रह्म मानले जाते; ताटात टाकणाऱ्याला आजी बोलल्याशिवाय राहत नाही. पण शेवटचा तुकडा वाया न घालवणे आणि तो किसणीवरच संपवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुकडा वाया जाऊ नये म्हणून तो चाकूने चिरता येतो. भाजीत टाकता येतो, वरणात टाकता येतो, सकाळच्या पोह्यात जातो. दहा आलूंचे दहा तुकडे एका वाटीत जमा केले तर सहरीला एका माणसाची सुकी भाजी होते.

म्हणून किसणीचा पहिला नियम हाच : तुकडा दोन बोटे जाडीचा राहिला की तो बाजूला ठेवायचा. किसणीशेजारी एक वाटी याच कामासाठी मांडून बसायचे. वाटी समोर असली की हात आपोआप थांबतो. नसली की 'एवढे एकच' म्हणत पुढे जातो.

कामाला बसण्यापूर्वी

बहुतेक किसण्यांसोबत एक होल्डर येतो. प्लास्टिकची टोपी, आतून काटे असलेली. ती भाजीत टोचायची आणि टोपी धरून भाजी पुढे-मागे न्यायची. हात पात्याच्या वर, टोपीच्या मागे राहतो. अनेक घरांत ही टोपी पहिल्याच आठवड्यात हरवते. लहान मुले खेळायला नेतात किंवा ती डब्यात तळाशी जाते. ती शोधून काढावी आणि किसणीलाच दोरीने बांधून ठेवावी. नवी किसणी घेताना पात्याच्या चकाकीपेक्षा होल्डर नीट बसतो का, तळाला रबराचे पाय आहेत का, फळी हाताच्या दाबाने वाकते का, हे पाहावे. स्वस्त प्लास्टिकची वाकणारी फळी चांगल्या पात्यालाही धोकादायक करते.

दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे कापरोधक हातमोजा. तो घट्ट विणलेल्या मजबूत धाग्याचा असतो आणि ऑनलाइन किंवा मोठ्या हार्डवेअर दुकानात काही शे रुपयांत मिळतो. युरोपीय मानक ईएन 388 प्रमाणे त्यावर कापरोधकतेची श्रेणी ए ते एफ अशी लिहिलेली असते. एफ सर्वांत मजबूत. भाजी ढकलणाऱ्या हातात तो घालायचा. मापात बसणारा घ्यावा. सैल मोज्याची टोके पात्यात अडकतात. पात्याच्या घासण्यापासून तो वाचवतो, टोकदार वस्तू टोचण्यापासून मात्र नाही. भांडी घासायचा रबरी मोजा यासाठी चालत नाही; पात्यापुढे तो कागदासारखा आहे. रोज किलो-दोन किलो कापणाऱ्या घरात, चिप्सचा गृहउद्योग करणाऱ्या बचत गटात, भज्यांच्या गाडीवर असा मोजा असायलाच हवा.

तिसरी तयारी बैठकीची. किसणी हातात अधांतरी धरून खाली ताट ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत जास्त दिसणारी पद्धत आणि तीच सर्वांत धोक्याची. किसणी टेकलेली हवी. ओट्यावर किंवा पाटावर ओला फडका पसरून त्यावर तिचे टोक रोवावे; ओल्या कापडावर ती सरकत नाही. खाली खाचा असतील तर पसरट भांड्याच्या काठावर अडकवावी. उजेड भरपूर असावा. वीज गेली असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर किसणी चालवू नये; तेवढ्यापुरता चाकू बरा.

हात कसा चालवावा

गोल भाजी फळीवर डुगडुगते आणि डुगडुगणारी भाजी निसटते. म्हणून आलू, बीट, रताळे आधी मधून अर्धे करावे आणि सपाट बाजू खाली ठेवावी. गाजर, काकडीचे चार-चार इंचांचे तुकडे करून घ्यावे. लांब काकडी अख्खी घासायला गेले की ती मध्येच वाकते. कोबीचा गड्डा चार फोडींत चिरून एकेक फोड घ्यावी.

कांद्याची युक्ती वेगळी. कांद्याचे मूळ कापून टाकू नये. शेंड्याकडची बाजू थोडी कापून सपाट करावी, कांदा उभा अर्धा करावा, कापलेला शेंडा खाली आणि मूळ वर ठेवावे. मुळामुळे कांद्याच्या पाकळ्या एकत्र राहतात आणि होल्डरचे काटे त्यात नीट रुततात. खाली अर्धचंद्रासारखे सारखे काप पडतात. बिरिस्त्यासाठी हेच हवे असते. जाड-बारीक कांदा एकाच कढईत टाकला तर बारीक जळतो आणि जाड मऊ राहतो. सारख्या कापांचा कांदा एकाच वेळी सोनेरी होतो. मूळ उरले की थांबायचे.

जाडीचा स्क्रू काम सुरू करण्यापूर्वी फिरवावा, मध्येच नाही. वाळवणाच्या चिप्सला एक-दीड मिलिमीटर, बिरिस्त्याला दोन, आलूभज्यांना तीन, असा साधारण हिशेब. पहिला काप काढून पाहावा. हवा तसा पडला की मग लय धरावी.

होल्डर पहिल्या घासणीपासूनच लावावा. 'शेवटी लावू' म्हटले की शेवट कधी आला ते कळत नाही. होल्डर आत बसणार नाही एवढी मोठी भाजी असेल तर तळहात सपाट ठेवून, बोटे वर उचलून, तळव्याने हलका दाब द्यावा; बोटांच्या टोकांनी भाजी पकडू नये. आणि भाजी निम्मी झाली की होल्डर घ्यावा.

दाब थोडा, घासणी लांब आणि एकसारखी. पाते धारदार असेल तर ते स्वतःच कापते. जोर लावावा लागतो आहे, याचा अर्थ पाते बोथट झाले आहे किंवा भाजी अडकली आहे. अडकली तर थांबावे, भाजी मागे ओढून वर उचलावी. आणखी जोर लावला की अडथळा एकदम सुटतो आणि हात सरळ पात्यावर जातो. पात्याखाली साचलेले काप बोटाने सरकवू नयेत. किसणी उचलून भांड्यावर आपटावी, पडतात.

काही गोष्टी किसणीवर घेऊच नयेत. सुरण, कच्चा भोपळा यांसारख्या कडक भाज्या हलक्या किसणीवर पाते वाकवतात. टोमॅटोची साल पात्यावरून घसरते. लिंबू, आले, लसूण एवढे लहान की हात पात्यापासून दूर ठेवताच येत नाही. फ्रूट चाटसाठी तर चौकोनी फोडी लागतात. ते काम चाकूचेच. आणि एक गोष्ट हॉटेलातल्या आचाऱ्यांची पाहून घरी करू नये : कच्ची केळी किंवा आलू थेट तापलेल्या तेलावर किसणी धरून कापणे. वरून वाफ, खालून उडणारे तेल, आणि हात दचकला तर पाते. एका चुकीला दोन जखमा.

वेळ निवडली तर निम्मा धोका टळतो

या दिवसांत रोजा सुमारे तेरा तासांचा होतो. पहाटे सहरीनंतर पाण्याचा थेंबही नाही. ज्यांना चहाची सवय आहे त्यांचे डोके दुपारनंतर जड होते. असर ते मग्रिब हा वेळ इबादतीचा, दुआ मागण्याचा. पण घरातल्या बाईसाठी तोच वेळ सर्वांत जास्त कामाचा आणि सर्वांत कमी ताकदीचा असतो. हातात पाते घेण्यासाठी याहून वाईट वेळ नाही.

उपाय सोपा आहे. कापाकापी सकाळी करावी. फजरनंतर थोडी झोप काढून उठले की डोके ताजे असते. कोबी, गाजर कापून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवता येते. आलूचे काप पाण्यात बुडवून ठेवले तर काळे पडत नाहीत. बिरिस्ता तर आठवड्याचा एकदम तळून हवाबंद डब्यात ठेवणारी अनेक घरे आहेत. संध्याकाळी फक्त पीठ भिजवायचे, बारीक चिरलेला सांबार घालायचा आणि तळायचे.

दुसरा उपाय घरातल्या पुरुषांकडे आणि मोठ्या मुलांकडे आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरी असताना घरकामात हातभार लावत, असे हजरत आयशांनी सांगितल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. रमजानमध्ये ही सुन्नत किती घरांत पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या ओट्याकडे पाहून ठरवावे. किलोभर कांदा सोलून कापून देणे हे काही मोठे काम नाही. मात्र पहिला रोजा ठेवणाऱ्या उत्साही लहानग्यांना किसणीजवळ येऊ देऊ नये. त्यांच्यासाठी खजुराच्या बिया काढणे, दस्तरखान अंथरणे, शरबत ढवळणे अशी कामे आहेत.

धुणे, ठेवणे, देणे

किसणी चालवताना नव्हे, तर धुताना बोट कापल्याच्या तक्रारीही कमी नाहीत. इफ्तारनंतर सगळी भांडी साबणाच्या पाण्यात एकत्र पडतात. फेसाखाली पाते दिसत नाही आणि तरावीहच्या आधी भांडी आवरायची म्हणून हात भराभर चालतात. किसणी त्या ढिगात कधीच टाकू नये. काम झाल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली धरावी, कांद्याचा-आलूचा चिकटा वाळण्याआधीच सहज जातो. पाते स्पंजने पुसण्याऐवजी लांब दांड्याच्या ब्रशने घासावे, पात्याच्या मागून धारेकडे. मग पुसून, जाडीचा स्क्रू शून्यावर आणून, जुन्या कापडात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून उंचावर ठेवावी. चमच्यांच्या खणात उघडी टाकू नये. दुसऱ्या दिवशी सहरीच्या अंधारात कुणीतरी चमचा शोधायला हात घालणार असते.

भिंतीवरून शेजारी देतानाही ती झाकूनच द्यावी. नंगी तलवार एकमेकांच्या हातात देऊ नये, अशी मनाई अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस-संग्रहांत नोंदलेली आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाताना त्यांची टोके हाताने धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, असेही बुखारी आणि मुस्लिम दोघांत आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही ताकीद तलवारी-बाणांबद्दल असली तरी तिचा अर्थ आजच्या ओट्यावर तसाच लागू पडतो : धार आपल्या हातात असेल तर दुसऱ्याच्या हाताची काळजी आपली. शेजारच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते, तेव्हा विळी-चाकूलाही हळदकुंकू लागते. धारेचा मान राखायचा, हा भाव दोन्हीकडे आहे.

तरीही बोट कापले तर

हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने जखम स्वच्छ करणे डॉक्टरांना अवघड जाते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ सुती कापड किंवा गॉज ठेवून घट्ट दाबावे आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. पूर्ण दहा मिनिटे, घड्याळ लावून. दर मिनिटाला कापड उचलून पाहिले की जमू लागलेले रक्त पुन्हा मोकळे होते. बोटाला दोरा किंवा रबर आवळून बांधू नये.

दहा-पंधरा मिनिटे नीट दाबूनही रक्त थांबले नाही, बोट वाकत नसेल, टोक बधिर वाटत असेल, नख किंवा खोल मांस कापले असेल, तर भजे तसेच सोडून डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी छोटी जखमही दाखवावी. बोटाचे टोक वेगळे झाले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे डॉक्टरांना सांगावे. घेऊन दहा वर्षे झाली असतील, जखम मळलेली असेल तर पाच वर्षे, तर ते पुन्हा घ्यावे लागते.

इथे रोजेदाराच्या मनात वेगळीच शंका असते : रोजा तुटला का? बोट कापून रक्त आल्याने रोजा तुटत नाही. दंडात घेतलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शननेही तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. पोटात घ्यायची गोळी मात्र रोजा मोडते, म्हणून दुखणे सोसवण्याजोगे असेल तर ती इफ्तारनंतर घ्यावी. जखम मोठी असेल आणि डॉक्टरांनी ताबडतोब औषध घ्यायला सांगितले, तर घ्यावे. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर तेवढे दिवस भरून काढण्याची, म्हणजे कजा करण्याची, सवलत कुरआननेच दिली आहे. वाहते रक्त आले तर हनफी मताप्रमाणे नमाजसाठी वुजू पुन्हा करावी लागते. जखमेवर पट्टी असेल तर ती सोडून धुण्याची गरज नाही. पट्टीवरून ओला हात फिरवला, मसह केला, तरी पुरते. कुणाला आपल्या प्रसंगाबद्दल शंका असेल तर मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारण्यात संकोच नसावा. पण आधी डॉक्टर, मग मसला, हा क्रम चुकवू नये.

चाँदरातीचे काम

रमजान संपत आला की ओट्यावरचे शेवटचे मोठे काम येते शिरखुर्म्याचे. भिजवलेली खारीक, बदाम, पिस्ते यांचे बारीक काप करायचे असतात आणि पाच-सात लिटर दुधाचा शिरखुर्मा करणाऱ्या घरात त्यांची परातच भरते. हात झटपट चालावा म्हणून कुणीतरी किसणी पुढे करतेच. इथे तिला ठाम नकार द्यावा. बदाम हा सुरुवातीपासूनच 'शेवटचा तुकडा' असतो. त्याच्या आणि पात्याच्या मध्ये बोटाला जागाच नाही. हे काम छोट्या धारदार चाकूचे, आणि एकट्या बाईचेही नव्हे. चार जणांनी गोल बसून गप्पा मारत करायचे ते काम आहे. शेजारच्या वहिनी-काकूही त्यात येऊन बसतात, कारण दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा त्यांच्याही घरी जायचा असतो.

कापाकापी आटोपली की मेंदीचे कोन निघतात. चाँदरातीला तळहातापासून बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी काढायची असते. त्या रात्री एखाद्या बोटाला पट्टी असली की ते बोट तेवढे कोरे राहते. ते कोरे राहू नये यासाठी महिनाभर करायचे ते एवढेच : होल्डर लावायचा, घाईच्या वेळी पाते हातात घ्यायचे नाही, आणि किसणीशेजारी शेवटच्या तुकड्यांची वाटी रोज मांडायची.